हायस्कूल ऑफ द डेड: इतकी चांगली भीती कॅमेऱ्याने वाया घालवली

हायस्कूल ऑफ द डेड या झोंबी अॅनिमेचा, म्हणजे जपानी अॅनिमेशन सिरीजचा, विषय निघाला की दोनच आवाज ऐकू येतात. एक गट म्हणतो घाणेरडी सिरीज आहे, बॅन करा, बघणाऱ्यांच्या डोक्यात काहीतरी गडबड असणार. दुसरा गट म्हणतो अरे एक्ची, म्हणजे शरीरं दाखवून चाळवणारी, अॅनिमे आहे, तो प्रकारच तसा असतो, माहीत असून बघायला बसलास ना मग आता कुरकुर कशाला, आणि नसेल आवडत तर तेवढं पुढे ढकल. मला दोन्ही पटत नाही. माझं म्हणणं असं आहे की या सिरीजमधली भीती खरंच उत्तम दर्जाची आहे, आणि तिचं वाटोळं बाहेरच्या कुणी केलेलं नाही, तिच्याच कॅमेऱ्याने केलंय. त्यामुळे या कॅमेऱ्याबद्दल सगळ्यात जास्त ओरडायला पाहिजे ते आपण, म्हणजे ज्यांना ही सिरीज आवडते त्यांनी.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मूळ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, दाइसुके सातोने लिहिली आणि शोजी सातोने काढली, २००६ मध्ये मंथली ड्रॅगन एज या मासिकात सुरू झाली. २०१० मध्ये मॅडहाउस स्टुडिओने तिचं अॅनिमे केलं, जुलै ते सप्टेंबर, एकूण १२ भाग. दिग्दर्शक तेत्सुरो आराकी. हा तोच माणूस ज्याने त्याआधी डेथ नोट केलं आणि नंतर २०१३ मध्ये अटॅक ऑन टायटनचा पहिला सीझन. ही नावं मुद्दाम सांगतोय, कारण हातात कसब नव्हतं म्हणून असं झालं ही सबब इथे चालतच नाही. ताण कसा वाढवायचा, माणूस गर्दीत सापडल्यावर चेहरा कसा दाखवायचा, शांतता किती वेळ ताणायची हे सगळं या टीमला येत होतं आणि पहिल्याच भागात ते दिसतं.

तो पहिला भाग आजही कुणालाही लावून दाखवा. शाळेच्या गेटवर एक माणूस नुसता धडका मारतोय. पीटीचे सर त्याला गेटमधूनच पकडून दम द्यायला जातात आणि तो चावतो. सिरीजचा नायक ताकाशी कोमुरो हे वरून बघतो आणि थेट वर्गात जाऊन रेईला हात धरून बाहेर काढतो, तिला वाटतं याला वेड लागलंय. थोड्या वेळाने शाळेच्या स्पीकरवर घोषणा सुरू होते की शाळेत मारहाणीचा प्रकार घडतोय, शांतपणे बाहेर पडा, आणि बोलता बोलता बोलणाऱ्याच्याच किंकाळ्या माइकवर ऐकू येतात. मग सगळ्या वर्गात क्षणभर कुणीच हलत नाही, आणि मग एकदम सगळे पळतात, एकमेकांना तुडवत. त्या पळापळीत दोन मैत्रिणी आहेत, हात घट्ट धरलेल्या. एकीचा पाय झोंबीच्या हातात सापडतो, ती दुसरीचा हात सोडत नाही, आणि दुसरी तिला लाथ मारून आपला हात सोडवून घेते आणि पळते. काही सेकंदांचा सीन आहे, दोघींची नावंही आपल्याला नीट कळत नाहीत, पण संकट आल्यावर माणसातलं काय आधी तुटतं ते त्या लाथेत आहे. मग हिसाशी, रेईचा बॉयफ्रेंड आणि ताकाशीचा जवळचा मित्र, त्याला हाताला चावलेलं असतं. मरताना तो स्वतः ताकाशीला सांगतो की मी तसा झालो तर मला मार. रेई अडवते, म्हणते हा उठलाय म्हणजे बरा झालाय. आणि ताकाशीला बॅट उचलावी लागते. इथपर्यंत सिरीज ज्या उंचीवर आहे ना, तिथे फार कमी झोंबी कथा पोचतात.

त्यानंतर नियम. झोंबी कथेत नियम पक्के लागतात, नाहीतर भीती कशाची हेच कळत नाही. इथे झोंबींना दिसत नाही, फक्त ऐकू येतं. आणि हे कुणी शास्त्रज्ञ येऊन सांगत नाही, साया ताकागी ही वर्गातली हुशार मुलगी ओलं फडकं झोंबीच्या अंगावर फेकून बघते, काहीच होत नाही, मग तेच लॉकरवर फेकते आणि सगळे आवाजाकडे वळतात. झालं, नियम आपल्यालाही कळला. मग पुढच्या सीनमध्ये सगळी मुलं श्वास रोखून झोंबींच्या मधून जिन्याने खाली उतरतात आणि कुणाच्या तरी हातातला लांब दांडा लोखंडी रेलिंगला लागतो. टंण्ण. एवढ्याशा आवाजाने पोटात खड्डा पडतो कारण त्याचा अर्थ आपल्याला आधीच माहीत आहे. कोहता हिरानो हा जाडा, चष्मेवाला, बंदुकांचं वेड असलेला मुलगा वर्कशॉपमधल्या खिळे मारायच्या मशीनची बंदूक करतो तेही असंच, हाताशी जे आहे त्यातून.

दाइसुके सातो मुळात युद्धकथा लिहिणारा माणूस होता, इतिहास वेगळा घडला असता तर काय झालं असतं अशा कादंबऱ्या, वॉरगेम्सही त्याने बनवलेले. ते सिरीजमध्ये पदोपदी जाणवतं. पूल बंद केला की शहराचे दोन तुकडे कसे होतात, पोलीस किती वेळ टिकतील, विमानतळ कोण सांभाळतंय, आणि शेवटाकडे तर उंचावर अण्वस्त्र फुटतं आणि शहरातली सगळी इलेक्ट्रॉनिक्स एका झटक्यात बंद पडतात, गाड्या, फोन, हार्ट पेसमेकरसुद्धा. झोंबीच्या कथेत हा विचार करणारे लेखक किती असतील? बहुतेक जण झोंबी आले, सरकार कोसळलं, एवढं एका वाक्यात उरकतात. सातोला मात्र सरकार नेमकं कसं कोसळतं यात रस आहे.

आणि माणसं. शिदो नावाचा शिक्षक बसमध्ये चढताना, पाय मुरगळलेला एक मुलगा त्याला धरून मदत मागतो तर त्याच्या तोंडावर लाथ मारून त्याला झोंबींपुढे सोडून देतो. तोच शिदो पाच मिनिटांत बसमध्ये उभा राहून गोड आवाजात म्हणतो आपल्याला नेता हवा, आणि घाबरलेली पोरं टाळ्या वाजवतात. रेई तिथल्या तिथे बसमधून उतरते, झोंबींनी भरलेल्या रस्त्यावर, कारण शिदो काय आहे हे तिला आधीपासून माहीत आहे. तिचे वडील पोलीस, ते शिदोच्या राजकारणी बापाची चौकशी करत होते आणि बदला म्हणून शिदोने तिचे मार्क बिघडवून तिचं वर्ष घालवलेलं. हे आपल्याला खूप उशिरा कळतं आणि मग मागची तिची सगळी चिडचिड नव्याने समजते. पुलावरचा सीनही असाच. तिथे काही लोक बॅनर घेऊन आलेत की हा रोग म्हणजे सरकारनेच पसरवलेलं जैविक अस्त्र आहे. एक पोलीस अधिकारी त्यांच्या पुढाऱ्याला सरळ गोळी घालतो. २०१० मध्ये हे अति वाटलं असेल. कोविडच्या पहिल्या लाटेत आपल्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे काही फिरत होतं ते आठवून आज बघितलं तर अजिबात अति वाटत नाही.

आता सहावा भाग. माझा सगळा मुद्दा या एका भागात सापडतो. सगळे एका रिकाम्या फ्लॅटवर आलेत, पोलिसांच्या स्पेशल टीममध्ये असलेल्या एका बाईचा फ्लॅट, तिथे बंदुका मिळतात, खाली रस्त्यावर झोंबी. आणि भागाचा मोठा वाटा जातो बाथरूममध्ये. मुली आणि शाळेची नर्स शिझुका एकत्र अंघोळ करतायत आणि कॅमेरा तिथून हलायलाच तयार नाही. कथेत त्याने काय पुढे सरकतं? काहीच नाही. आणि त्याच भागात, त्याच रात्री, खाली एक बाप आपल्या छोट्या मुलीला घेऊन घराघराचं दार ठोठावतोय. मुलगी आहे, निदान तिला आत घ्या म्हणतो. शेवटी एक दार उघडतं आणि आतून काठीला बांधलेला सुरा त्याच्या छातीत जातो. दार बंद. तो मरता मरता मुलीला लपायला सांगतो. वर खिडकीत कोहता रायफल घेऊन हे बघतोय.

हे दृश्य या सिरीजमधलं सगळ्यात भीषण दृश्य आहे, कारण यात मारणारा झोंबी नाही, दारामागचा साधा घाबरलेला माणूस आहे. आणि ते आपल्यापर्यंत कसं येतं? आधीची दहा-पंधरा मिनिटं प्रेक्षकाला वेगळ्याच मूडमध्ये बसवून ठेवल्यानंतर. भीती अशी चालू-बंद होत नाही. तिला साचायला वेळ लागतो. जे शरीर आत्ता फाडलं जाऊ शकतं असं वाटायला हवं, तेच शरीर कॅमेरा सतत दुकानाच्या काचेत मांडल्यासारखं दाखवत राहिला तर त्या शरीराला काही होऊ शकतं हे आपण मनातून मानणंच सोडून देतो. काचेत मांडलेल्या वस्तूला कोण मारणार, ती तर दाखवायलाच ठेवलीय. म्हणून तर मुख्य टोळीतली मुलगी कधी खरोखर मरेल अशी भीती पुढच्या भागांत वाटतच नाही. पहिल्या भागात वाटत होती. हिसाशी गेला तेव्हा कुणीही जाऊ शकतं असं वाटलेलं.

'तेवढं पुढे ढकल' म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचंय. ढकलून काय ढकलणार? आठव्या भागात रस्त्यात तारांचा अडथळा येतो, टोळीची हमवी ही लष्करी गाडी जोरात ब्रेक मारते, टपावर बसलेली रेई रस्त्यावर आपटते, तिला उठता येत नाहीये, झोंबी चारी बाजूंनी येतायत. सगळी टोळी संपणार असा क्षण आहे, सिरीजमधला सगळ्यात मोठा. आणि तिथे दिग्दर्शकाने काय केलं तर जखमी मुलीच्या छातीचा रायफलला आधार घेऊन झोंबींवर गोळ्या झाडायचा तो कुप्रसिद्ध सीन, आणि स्लो मोशनमध्ये टोळीतल्याच सायेकोच्या अंगाजवळून जाणारी गोळी. तो सीन ढकलला तर लढाईच ढकलली जाते. म्हणजे हा मसाला वरून भुरभुरलेला नाहीये की बाजूला काढून खाता येईल, तो कथेच्या मोक्याच्या जागा अडवून बसलाय. त्या सीनला लोक हसतात, त्याच्या क्लिप अजून फिरतात, आणि कितीतरी लोकांना ही सिरीज फक्त त्या एका क्लिपमुळेच माहीत आहे. पुलावरचा पोलीस, दारामागचा सुरा, स्पीकरवरची किंकाळी यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. सातोच्या मेहनतीचं याहून मोठं नुकसान काय असणार.

यापेक्षाही गंभीर एक गोष्ट आहे आणि फॅन मंडळी ती टाळतात. रेई, सायेको, साया या शाळकरी मुली आहेत. सिरीजच्या नावातच शाळा आहे. चित्रं आहेत, खरी माणसं नाहीत, हे उत्तर मला माहीत आहे आणि कायद्याच्या पातळीवर त्यात काही तथ्य असेलही, पण मी कायद्याचं बोलत नाहीये. बघणाऱ्याच्या नजरेचं बोलतोय. कथा मला सांगते की या मुलांची आज आई-बापांशी ताटातूट झालीय, यांनी मित्राला स्वतःच्या हाताने मारलंय, यांना जप. आणि कॅमेरा मला सांगतो बघ बघ. दोन्ही आज्ञा एकाच वेळी पाळता येत नाहीत. हे पात्र कॉलेजात असतं, पंचविशीचं असतं तर हा भाग तरी सुटला असता, भीतीचं नुकसान झालं असतंच पण निदान ही किळस आली नसती. आणि त्या दार ठोठावणाऱ्या बापाची छोटी मुलगी अॅलिस टोळीत आल्यावर तरी सूर बदलेल असं वाटतं, पण नाही, लेखकांना तिच्या बाबतीतही थांबावं कुठे हे कळलेलं नाही. त्याचं समर्थन कुठल्याही प्रकाराच्या नावाखाली होऊ शकत नाही, मला तरी ते जमणार नाही.

बरं, कामुकता झोंबी कथेत नकोच असं माझं म्हणणं अजिबात नाही. मरण समोर दिसत असताना माणसं एकमेकांच्या जवळ येतात, हे खरं आहे आणि कथेने ते दाखवायलाच हवं. शिदोच्या बसमध्ये पुढे जे चालतं ते किळसवाणं आहे पण त्याला अर्थ आहे, तो माणूस घाबरलेल्या पोरांना मोकळं सोडतोय असं भासवून ताब्यात ठेवतो आणि ते बघताना आपल्याला मजा वाटू नये अशीच मांडणी आहे. आणि नवव्या भागातली सायेको. बुसुजिमा सायेको, केंदो, म्हणजे जपानी तलवारबाजी, त्या क्लबची कॅप्टन, कायम शांत, शिस्तीची. ती देवळात रात्री ताकाशीला सांगते की चार वर्षांपूर्वी एका माणसाने तिच्यावर हल्ला केला होता, तिने लाकडी तलवारीने त्याची हाडं मोडली, आणि तिला त्यात आनंद झाला. झोंबी मारतानाही होतो. म्हणून ती स्वतःला घाबरते. स्वतःमधल्या हिंसेची आवड कळलेली मुलगी, तिला आपण प्रेमाला लायक आहोत का असा प्रश्न पडलाय, असं पात्र जगातल्या कुठल्याही लेखकाला हेवा वाटेल असं आहे. तिथे आकर्षण आहे, भीती आहे, लाज आहे, सगळं एकमेकात गुंतलेलं आहे. म्हणजे यांना येत होतं. आणि तरीही त्याच भागात तिचे कपडे भिजवून कॅमेरा फिरवायचा मोह आवरला नाही, तिच्या कबुलीचं वजन अर्ध्यावर आलं.

असं का झालं याचं एक कारण पैशात आहे. त्या काळातली रात्री उशिरा लागणारी अॅनिमे टीव्हीवर कमवायची नाहीत, कमाई डीव्हीडी आणि ब्लू-रे विकून व्हायची, अनेक कंपन्या मिळून कमिटी बनवून पैसा घालायच्या आणि महागड्या डिस्क घेणारे थोडे पण पक्के गिऱ्हाईक धरून ठेवायचे. त्या गिऱ्हाइकाला काय आवडतं याचा अंदाज बांधून सीन घातले जायचे. हे मी माफी म्हणून सांगत नाही. पण ज्यांना वाटतं की हे सगळं कलाकाराचं स्वातंत्र्य होतं आणि आम्ही त्यावर गदा आणतोय, त्यांनी थोडा विचार करावा की यातलं कितीसं कलाकाराच्या मनातून आलेलं आणि कितीसं विक्रीच्या हिशोबातून.

मग बॅन करायचं का? चीनने केलं. २०१५ मध्ये तिथल्या संस्कृती मंत्रालयाने ३८ अॅनिमे आणि मांगांची काळी यादी काढली, त्यात हायस्कूल ऑफ द डेड होतं, आणि त्याच यादीत डेथ नोट आणि अटॅक ऑन टायटनसुद्धा होतं. बॅनची भानगड अशीच असते. एकदा हिंसा आणि अश्लीलता या दोन शिक्क्यांनी सगळं मोजायला घेतलं की न्याय म्हणजे काय यावर विचार करायला लावणारी डेथ नोट आणि अंघोळीच्या सीनमध्ये अडकलेली ही सिरीज एकाच पोत्यात जातात. अधिकाऱ्याला फरक कळत नाही आणि कळून घ्यायची त्याला गरजही नसते. मला बॅन नको. मला हवंय ते जास्त कष्टाचं आहे, लोकांनी बघून, नीट कारणं देऊन, जोरात नापसंती सांगायला हवी.

आणि वयाचा शिक्का हवा, तो पाळलाही जायला हवा. आपल्याकडे अजून घरोघरी अॅनिमे म्हणजे कार्टून हीच समजूत आहे. पोरगं कार्टून बघतंय म्हणून आई स्वयंपाकघरात निश्चिंत असते. २०२१ च्या आयटी नियमांनी ओटीटीला वयोगट लावायला सांगितले, ७, १३, १६ आणि प्रौढ, आणि पालकांसाठी लॉकही ठेवायला सांगितलं, ही चांगली गोष्ट आहे, पण आपली निम्मी पोरं हे ओटीटीवर बघतच नाहीत, टेलिग्रामवरून नाहीतर कुठल्यातरी पायरेटेड साइटवरून बघतात जिथे शिक्काही नाही आणि लॉकही नाही. तिथे मोठ्या भावंडांनी, क्लासमधल्या दादा-ताईंनी सांगायला हवं की चौदाव्या वर्षी ही सिरीज नको, आणि का नको. 'भारी आहे, बघ' म्हणून लिंक पाठवणाऱ्यांनी तर आधी हा विचार करायला हवा. अॅनिमेला आपल्याकडे गांभीर्याने घेतलं जात नाही अशी तक्रार आपणच करतो ना? मग त्यात काय वाईट आहे हेही आपल्यालाच सांगता यायला हवं, नाहीतर सांगायला न बघितलेले लोक येतात आणि ते सगळंच वाईट म्हणतात.

सिरीजची एक खंत वेगळीच आहे, ती अपूर्ण राहिली. मांगा मध्ये मध्ये थांबत २०१३ पर्यंत आली आणि तिथेच अडकली, मार्च २०१७ मध्ये दाइसुके सातो हृदयविकाराने गेला, वय अवघं ५२. अॅनिमेचे १२ भागही अशा जागी संपतात की कथा नुकतीच सुरू झाल्यासारखी वाटते, त्यातही चौथ्या भागाचा मोठा तुकडा आधीचीच दृश्यं परत दाखवण्यात घालवलेला. मुलं सायाच्या वाड्यातून बाहेर पडतात, तिचे आई-वडील मागे राहून लढतात, वीज नाही, फोन नाही, रेईची आई आणि ताकाशीची आई अजून सापडायच्या आहेत, आणि पडदा. दुसऱ्या सीझनची मागणी अजून होत असते. मला दुसरा सीझन नकोय. मला हीच सिरीज पहिल्यापासून परत केलेली हवी आहे. पात्रं कॉलेजची करा, अॅलिसला लहान मुलगी म्हणूनच वागवा, रक्त कमी करू नका, शिदो कमी करू नका, सायेकोची देवळातली रात्र तर दुप्पट लांब करा, आणि सहाव्या भागात कॅमेरा बाथरूममधून बाहेर काढून पहिल्या मिनिटापासून त्या बापामागे रस्त्यावर न्या, एकेक दार ठोठावत.